पारोल पाहायला सॅन फ्रान्सिस्कोला जाताय? आधी एक बांधून पाहा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून महिनाही झाला नव्हता आणि मी पुन्हा कामट्या बांधत बसले होते. या वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या साउथ ऑफ मार्केट भागात, फिलिपिनो आज्यांच्या शेजारी. मागच्या खेपेला लेकीकडे आले तेव्हा डिसेंबरातला पारोलचा उत्सव तेवढा पाहिला होता. छानच होता. पण जीव गुंतला तो कार्यशाळेत.

पारोल म्हणजे नाताळचा चांदणीचा कंदील. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या करायच्या, त्यांची टोकं एकमेकींना बांधायची आणि मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे बोटभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. माझ्या काड्या सारख्या निसटत होत्या. शेजारच्या लोलानं (लोला म्हणजे आजी, तिथे सगळे तिला तशीच हाक मारत होते) काही न बोलता टोकाचा दोरा सैल केला, काडी बसवली, दोरा पुन्हा आवळला. सपाट चांदणी एकदम फुगून उभी राहिली! मग वर पतंगासारखा पातळ कागद आणि खाली आपल्या झिरमिळ्यांसारख्या दोन शेपट्या. लहानपणी पहाटेच्या अंधारात असाच पारोल घेऊन ती चर्चला जायची, हे तिनं कागद चिकटवता चिकटवता सांगितलं. नाताळाआधीच्या नऊ पहाटांच्या या प्रार्थनांना, 16 ते 24 डिसेंबर, फिलिपिनो लोक सिंबांग गाबी म्हणतात.

उत्सव 2003 पासून भरतो. तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती पाहा आणि कार्यशाळेत जागा आधीच सांगून ठेवा.

त्या दिवशी दुपारीच पोहोचा. बार्टनं, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेनं, पॉवेल स्ट्रीटला उतरलात की फोल्सम आणि हॅरिसनच्या मधल्या गल्ल्या चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. पाट्यांवर रिझाल, माबिनी, बोनिफासियो, लापु-लापु अशी फिलिपिन्सच्या वीरांची नावं. तिथेच ज्येष्ठांच्या इमारतीच्या भिंतीवर 1984 चं ‘आंग लिपी नी लापु-लापु’, म्हणजे लापु-लापुचे वंशज, हे भव्य चित्र आहे. आत माणसं राहतात, म्हणून फोटो रस्त्यावरूनच काढा. पाचच्या आत सूर्य मावळतो आणि वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच. गाडी नेलीत तर आत पिशवी ठेवू नका.

वेळ उरला तर कर्नी स्ट्रीटला जाच. इथल्या इंटरनॅशनल हॉटेलात मनोंग, म्हणजे फिलिपिन्सहून आलेले जुने कामगार, राहायचे. इलोकानो या फिलिपिन्समधल्या भाषेत मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आपल्या ‘दादा’सारखा. शेतांत, माशांच्या कारखान्यांत राबलेली ही माणसं. तेव्हा गोऱ्या बायकांशी लग्नाला कायद्यानं बंदी, त्यामुळे कित्येक जण एकटेच म्हातारे झाले. हॉटेल पाडायचं म्हणून 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. 2005 मध्ये त्याच जागी ज्येष्ठांसाठी नवी घरं उभी राहिली, खाली मनिलाटाउनचं, म्हणजे इथल्या जुन्या फिलिपिनो वस्तीचं, केंद्र आहे. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

शाकाहारी असाल तर लुंपियात (हा त्यांचा स्प्रिंग रोल) मांस आहे का ते विचारून घ्या. केळ्याचा तळलेला तुरोन बिनधास्त खा. बिबिंगका हा केक तांदळाचा असला तरी त्यात बहुधा अंडं असतं.

आणि पारोल भारतात न्यायचा असेल तर तिथे कागद लावू नका. मधल्या काड्या काढल्या की सांगाडा सपाट होऊन बॅगेच्या तळाशी मावतो. काड्या वेगळ्या पाकिटात ठेवा, कागद घरी आल्यावर चिकटवा.