मांडीत धरायचा क्लॅम्प

चामड्याची हाताने शिलाई करताना मी आजवर स्टिचिंग पोनी वापरत आलो. म्हणजे पाटावर उभे बसवलेले दोन लाकडी जबडे आणि ते आवळणारा एक स्क्रू. गेल्या महिन्यापासून मात्र मी खोगीर शिवणारे कारागीर वापरतात तो, दोन वाकवलेल्या लाकडी फळ्यांचा आणि गुडघ्यांमध्ये तिरका धरायचा क्लॅम्प हाती घेतला आहे.

त्याला स्क्रू नसतो. फळ्यांचा स्वतःचा ताण आणि मांड्यांचा दाब एवढ्यावरच काम भागते. सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून त्या दोन्ही बाजूंनी आरपार जातात, त्यामुळे दर चार-पाच इंचांवर काम पुढे सरकवावे लागते. पूर्वी त्यासाठी सुया सोडून स्क्रू सैल करावा लागे. आता मांड्या किंचित सैल केल्या की पट्टा सरकतो आणि आरी हातातच राहते.

पहिले दोन दिवस मांड्या भरून आल्या आणि क्लॅम्प सतत डावीकडे कलत असल्यामुळे आरी तिरपी शिरून मागच्या बाजूचे टाके रेषेबाहेर गेले. (तो पट्टा मी अजून कोणाला दाखवलेला नाही.) बैठक थोडी उंच केल्यावर तो कल गेला. मऊ चामड्यावर वळ उठू नयेत म्हणून जबड्यांना आतून पातळ चामडे चिकटवले आहे. लहान पाकिटांसाठी मात्र मला अजूनही पोनीच सोयीची वाटते.