ग्राम्फू ते काझा: पुढच्या धुऱ्यातला आवाज आणि त्याचे चुकलेले निदान

जिप्सी किंवा तिच्यासारखी, गरजेपुरती फोर-व्हील-ड्राइव्ह घालता येणारी जुनी गाडी घेऊन स्पितीला जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत लिहीत आहे. लिहिण्याचे कारण असे की आम्ही ₹७,४०० निरुपयोगी दुरुस्तीवर घालवले, आणखी ₹३८,००० घालवण्याच्या अगदी बेतात होतो आणि ज्या चंद्रताल सरोवरासाठी पुण्याहून निघालो ते न पाहताच परतलो. दोष मात्र पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (पुढच्या धुऱ्याला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) एका क्रॉसचा, म्हणजे त्या दांड्याला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचा, होता आणि तो क्रॉस अखेरीस ₹७५० ला मिळाला.

पुणे ते मनाली या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, त्यामुळे कोकसरपर्यंतचा टप्पाही सोपा आहे. खरी परीक्षा ग्राम्फूला सुरू होते. तिथून छत्रूमार्गे बातलपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर अंतर कापायला आम्हाला सहा तास लागले. त्याला रस्ता म्हणणे बरोबर होणार नाही. चंद्रा नदीच्या काठाने गोट्यांमधून गाडी जाईल एवढी वाट आहे आणि तिला ठिकठिकाणी वरच्या हिमनद्यांचे नाले आडवे येतात. दुपारी ऊन तापले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते, म्हणून मोठे नाले सकाळी दहाच्या आत पार करावेत. आम्ही ऑगस्टच्या अखेरीस गेलो आणि ते चुकले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबलो असतो तर निम्म्या ठिकाणी पाणी घोट्याएवढेच मिळाले असते.

माझ्या जिप्सीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत; ते लॉक केले की चाक आतल्या शाफ्टशी जोडले जाते आणि फ्री केले की सुटते. ग्राम्फूला दोन्ही हब लॉक करून फोर-व्हील-ड्राइव्ह घातली आणि छत्रूच्या पुढे चारेक किलोमीटरवर आवाज सुरू झाला. तो चिमणीच्या चिवचिवाटासारखा बारीक, तालबद्ध आणि धातूचा होता. वेग वाढला की ताल वाढे, आणि ताशी तीस किलोमीटरच्या वर तो गाडीच्या इतर खडखडाटात विरून जाई. मला तो उजव्या चाकातून येतो असे वाटत होते, तर शेजारी बसलेल्या मावसभावाला तो डाव्या चाकातून येतो याची खात्री होती. दोघांनाही आवाज आपापल्या बाजूचा वाटत असेल तर तो बहुधा मधला असतो, हे तेव्हाच सुचायला हवे होते.

आणखी एक खूण आमच्यासमोर होती आणि तिचा अर्थ आम्हाला लागला नाही. प्रत्येक नाला ओलांडल्यावर आवाज पूर्ण थांबे आणि पाच-सहा किलोमीटरनंतर हळूहळू परत येई. ओल्या डिस्कचा आणि ब्रेकचा संबंध आम्ही लगेच जोडला. पण ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर आवाजात काडीचा फरक पडत नव्हता, याकडे आम्ही दुर्लक्ष केले. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकणे हे अशा वाटेवरचे नेहमीचे दुखणे असल्यामुळे बातलला दोन्ही चाके काढून पाहिली, तर तिथे काहीच नव्हते. धुरा निकामी होण्याच्या भीतीने चंद्रतालचा फाटा सोडला, ते येताना पाहू असे ठरवले आणि ४,५५१ मीटर उंचीचा कुंझुम घाट ओलांडून लोसरमार्गे काझाच्या बाजूला उतरलो.

पुढे ज्या गॅरेजमध्ये गेलो त्याचे आणि गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या मिस्त्रींनी चाक उचलून वर-खाली हलवले, थोडी ढिलाई आहे असे सांगितले आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदलली. बिल ₹७,४०० झाले. गाडी घेऊन आम्ही तीन किलोमीटर फिरलो, आवाज पूर्ण गेला होता, म्हणून समाधानाने पैसे दिले. दुसऱ्या दिवशी कोमिकच्या कच्च्या चढावर हब लॉक केले आणि पहिल्या वळणाच्या आत तोच चिवचिवाट सुरू झाला. परत गेलो तेव्हा उत्तर मिळाले की आता क्राउन-पिनियन गेले आहे, म्हणजे पुढच्या डिफरेन्शियलमधली (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या पेटीतली) दातेरी चाकांची जोडी, आणि ते सगळे डिफरेन्शियल उघडावे लागेल, सामान खालून मागवावे लागेल, ₹३८,००० लागतील, आणि तसेच चालवले तर धुरा जाम होऊन गाडी दरीत जाईल. दमलेल्या आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढण्याची ही रीत मला अक्षम्य वाटते. आगाऊ रक्कम देण्याच्या तयारीत असतानाच मावसभावाने विचारले की काल तीन किलोमीटर आवाज नव्हता तेव्हा हब कुठे होते. बेअरिंग बदलण्यासाठी हब काढावेच लागतात आणि बसवताना मिस्त्रींनी ते फ्री ठेवले होते. म्हणजे आवाज दुरुस्तीने गेलेला नव्हता, पुढचा शाफ्टच फिरत नव्हता.

गाडीच्या ज्या अवस्थेत आवाज आला त्याच अवस्थेत ती चालवून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

यानंतर आम्ही जे केले ते कुणालाही सपाट जमिनीवर करता येते, म्हणून ते क्रमाने सांगतो. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये हब फ्री ठेवले की पुढची चाके नुसती घरंगळतात. आतले अर्धशाफ्ट (चाकांना डिफरेन्शियलशी जोडणारे दांडे), डिफरेन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट स्थिर राहतात. टू-व्हील-ड्राइव्हमध्येच हब लॉक केले की पुढची चाकेच हे सगळे भाग भाराविना फिरवतात. आमच्याकडे हब फ्री असताना शांतता होती आणि लॉक केल्यावर आवाज येत होता, त्यामुळे चाकांची बेअरिंगे, डिस्क आणि मागचा शाफ्ट एका झटक्यात संशयातून सुटले. ही पाच मिनिटांची परीक्षा आम्ही बातललाच केली असती तर ₹७,४०० वाचले असते.

दुसरी परीक्षा मोजणीची. माझ्या टायरचा घेर सुमारे २.१ मीटर आहे आणि चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपेलर शाफ्टचे जवळपास चार फेरे होतात. हब लॉक ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घालून आणि इंजिन बंद करून ती दहा मीटर ढकलली, तर चाक पाचच्या आसपास फेरे करते आणि शाफ्ट अठरा-एकोणीस. आवाज चाकाच्या किंवा अर्धशाफ्टच्या तालावर असता तर पाच किंवा दहा वेळा ऐकू आला असता. मी ३६ वेळा मोजला, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात एकदा पुढे आणि एकदा मागे असा दोनदा वाकतो, त्यामुळे हा आकडा जवळजवळ कबुलीजबाबच होता. साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर दोघांनी गाडी ढकलायची म्हणजे दम लागतो, पण ज्यांना एवढेही झेपणार नाही त्यांनी स्वतःची गाडी घेऊन या रस्त्याला येऊच नये.

राहिला प्रश्न डिफरेन्शियलचा, कारण पिनियनही शाफ्टबरोबरच फिरतो. त्याचे उत्तर शाफ्ट काढूनच मिळते. दोन्ही टोकांच्या फ्लँजना प्रत्येकी चार नटबोल्ट आहेत. काढण्यापूर्वी फ्लँजवर आणि शाफ्टच्या सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी. तो सांधा निसटून चुकीच्या दात्यांवर बसला तर दोन टोकांचे क्रॉस एकमेकांशी जुळत नाहीत आणि आवाजाच्या जागी थरथर पदरात पडते. शाफ्ट काढून हब लॉक ठेवले आणि गाडी दोन किलोमीटर चालवली. डिफरेन्शियल फिरत होते आणि गाडी गप्प होती. ज्याच्यासाठी ₹३८,००० मागितले गेले तो भाग पूर्णपणे निर्दोष निघाला. मी आनंदाने रस्त्याच्या कडेलाच बसकण मारली, कारण चार दिवस मनावर असलेले ओझे त्या क्षणी उतरले.

काढलेला शाफ्ट हातात घेतल्यावर सगळे उघड झाले. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीच्या) बाजूचा क्रॉस एका दिशेला सहज वळत होता आणि दुसऱ्या दिशेला अडखळत होता, आणि त्याच्या एका कपाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती. ती कपातल्या बेअरिंगच्या गंजलेल्या सुयांची होती. नाल्याचे पाणी आत शिरून कोरड्या सुयांना तेवढ्यापुरते वंगण देत होते, म्हणून नाल्यानंतर आवाज थांबत होता. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की या क्रॉसमध्ये ढिलाई अजिबात नव्हती. गाडीखाली झोपून शाफ्ट हलवून पाहणारा मिस्त्री असा क्रॉस चांगला म्हणूनच सोडून देतो, कारण कोरडा क्रॉस आधी अडखळतो आणि बराच काळ गेल्यावर ढिला होतो.

मूळ चूक मात्र घरीच झालेली होती. निघण्यापूर्वी ज्या गॅरेजमध्ये पूर्ण सर्व्हिसिंग केले त्यांच्या बिलात ग्रीसिंगचे पैसे लावलेले आहेत, पण या क्रॉसच्या निपलमध्ये (ग्रीस भरायच्या तोंडात) जुने ग्रीस दगडासारखे घट्ट झाले होते आणि नवे आत जाणे शक्यच नव्हते. ग्रीस गन लावली म्हणजे ग्रीसिंग झाले असे नाही. क्रॉसच्या चारही कपांच्या कडेने नवे ग्रीस बाहेर येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एखाद्या कपातून आले नाही तर निपल बदलावा, आणि तरीही आले नाही तर क्रॉस बदलावा. जिप्सीत गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा असे तीन शाफ्ट असून त्यांवर मिळून सहा क्रॉस आहेत; सहाही पाहावेत. एक जादा क्रॉस, सर्क्लिप (कप अडकवून ठेवणारी कडी) काढायची पकड, छोटी ग्रीस गन आणि फ्लँजच्या बोल्टांवर घरीच बसवून पाहिलेले रिंग पाने एवढे सामान सोबत हवे. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा क्रॉसवर मारू नये. आवाज दिवसभर थांबतो आणि माणूस निर्धास्त होऊन आणखी लांब जातो.

शाफ्ट काढला की फोर-व्हील-ड्राइव्ह उरत नाही. फोर-लो घातल्यास लो गिअर मिळतो, पण तो फक्त मागच्या चाकांना, आणि तेवढ्यावर कुंझुम चढून बातलचे नाले उलट पार करण्याचे धाडस मी कुणालाही सुचवणार नाही. म्हणून शाफ्ट मागे सामानात बांधून आम्ही ताबो, नाको, पूह या किन्नौरच्या वाटेने उतरलो. ते दिवस सुखाचे गेले. रामपूरला ₹७५० चा क्रॉस आणि ₹३५० मजुरी देऊन शाफ्ट परत बसवला, हब लॉक करून गाडी वीस मिनिटे चालवली आणि मगच पैसे दिले.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील-ड्राइव्ह तशीच ठेवली तर वळताना पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना ओढतात आणि ठोके ऐकू येतात. गाडी दोन-चार मीटर मागे घेऊन टू-व्हील-ड्राइव्ह घातली की ते थांबतात. अशा ठोक्यांसाठी गॅरेज गाठू नये. पण भार असताना, कच्च्यावर, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच कटकट येत असेल तर तो चाकाजवळचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवणारा सांधा) असतो, आणि तो घेऊन ग्राम्फूच्या पुढे जाऊ नये.