मामांची ९२ ची मारुती आणि मॅटखालचं पाणी

गाडी मुळात माझी नाही, मामांची. १९९२ साली त्यांनी नवीकोरी घेतलेली मारुती ८००, पांढरी, जीए-०१ नंबरची, आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं ती गोव्यात मिरामारला त्यांच्या बिल्डिंगखाली एका गुलमोहराच्या सावलीत उभी असायची, समुद्र तिथून चालत पाच मिनिटं. आमच्या सगळ्या लहानपणी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मामा-मामी त्याच गाडीतून फोंड्याला आमच्या घरी यायचे, मागच्या सीटवर नारळ, केळीचे घड, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीचं) सामान आणि मध्ये कुठेतरी दाबून बसलेली आमची मामेभावंडं. मामी गेल्या आणि मामांनी गाडी चालवणं सोडलं. नंतर तीन-चार वर्षं ती तशीच उभी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मी ती टोचन करून फोंड्याला आणली आणि घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, जिथे आधी लाकडं आणि नारळाची सोडणं ठेवायचो.

मामांनी एकच सांगितलं, "रंग मात्र बदलूं नाका रे." बाकी काय करायचं ते कर.

आता जुनी गाडी घरी आली की कोणाचाही हात पहिल्यांदा इंजिनकडेच जातो, माझाही गेला. तसं ते इंजिन सोपं आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, बॉनेट उघडलं की अर्ध्या जागेतून खाली जमीन दिसते आणि दहा-बारा-चौदाच्या पान्यांत बहुतेक सगळं सुटतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, एक रात्र तसंच ठेवलं, मग हाताने फिरवून बघितलं, जाम नव्हतं. इग्निशनचे पॉइंट घासले, त्यांच्यातला गॅप लावला, नवीन बॅटरी, कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, साफ केले (आत पेट्रोलचा चिकट पिवळा डिंक झाला होता), बाटलीतून ताजं पेट्रोल दिलं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सुरू झाली. आई बाहेर येऊन उभी राहिली. मी मामांना फोन लावून तो आवाज ऐकवला, त्यांनी फोन ठेवेपर्यंत एक शब्द काढला नाही.

मला वाटलं झालं की आता, थोडं पॉलिश, थोडं रंगकाम, दोन महिन्यांत रस्त्यावर.

मग मी खालची मॅट उचलली.

ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी मॅट, तिच्याखाली वाकळेसारखा एक जाड थर असतो, आवाज कमी यावा म्हणून, तो ओला होता. डिसेंबरमध्ये. पावसाळा संपून दोन महिने झाले होते आणि तो हातात पिळल्यावर पाणी निघालं. त्याच्याखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने नुसता टोचला तर स्क्रू ड्रायव्हर आरपार, खाली शेडची जमीन. बाहेरून मात्र गाडी चकचकीत, दाराच्या खालच्या कडेला चार-पाच फुगे सोडले तर काही दिसत नव्हतं.

आमच्या गावातला एक टिंकर आहे, वय साठीच्या पुढे, पत्र्याचं काम त्याच्यासारखं करणारा मी बघितलेला नाही. त्याला बोलावलं. त्याने गाडीखाली झोपून हातोडीच्या दांड्याने टकटक करत सगळा तळ वाजवून बघितला, जसा आपण फणस वाजवून बघतो तसा, आणि म्हणाला, "हो पत्रो कुसला मरे. भायल्यान रंग लावन कितेंच जावचें ना." म्हणजे पत्रा कुजलाय, बाहेरून रंग लावून काही होणार नाही.

खरं तर या पोस्टचा मूळ विषय हाच आहे, बाकीचं सगळं याच्यापुढे किरकोळ. गोव्यात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्रावरचा वारा, म्हणजे मीठ. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं म्हणून गंजण्याची क्रिया भरभर चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून रंग आतून ढकलला जातो, तोच आपल्याला बाहेर फुगा दिसतो. म्हणजे फुगा दिसला तेव्हा गंज सुरू झालेला नसतो, तो आतून काम संपवून बाहेर पोचलेला असतो. तो फुगा घासून, लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारणं म्हणजे दोन पावसाळ्यांची सोय.

पण पाणी येत कुठून होतं, हे शोधायला मला आठवडा लागला. पाइप घेऊन गाडीच्या एकेका भागावर पाणी सोडायचं आणि भावाच्या मुलाला टॉर्च देऊन आत बसवायचं, असा आमचा कार्यक्रम. टपावर सोडलं, काही नाही. दारांवर सोडलं, काही नाही. पुढच्या काचेखाली वायपरच्या तिथे जी जाळी असते तिच्यात सोडलं आणि आतून पोरगा ओरडला, "काका, आयलें, आयलें!" त्या जाळीखाली एक पन्हळ असते, काचेवरचं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून खाली रस्त्यावर जातं. गुलमोहराची बारीक बारीक पानं पंचवीस वर्षं त्या भोकांत साचून त्यांचं काळं खत झालं होतं, मी वाटीभर काढलं. भोक बुजलं की पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेने सरळ आत, पायाखाली. दारांचंही तसंच. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात जातंच, जाणारच, म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. माझ्या गाडीची ती भोकं कोणीतरी रंगकाम करताना लांबी आणि रंगाने बुजवली होती, दिसायला साफ दिसावं म्हणून. चारही दारं खालून सडली ती त्यामुळे.

दुसरं एक, आणि याचा मला मनापासून राग आला. मामा दर एप्रिल-मेमध्ये एका गॅरेजमध्ये गाडीला खालून अंडरकोटिंग करून घ्यायचे, काळं डांबरासारखं मारतात ते. चांगल्या मनाने करायचे, पैसे मोजून करायचे. मी ते खरवडलं तर एका थराखाली सुकलेली माती, तिच्याखाली आणखी एक थर, त्याच्याखाली परत माती. न धुता, न सुकवता वरून मारत गेले होते. असा थर कुठेतरी तडकतो, तिथून पाणी आत जातं आणि मग बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही, पत्रा वर्षभर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा. न मारलं असतं तर पत्रा बरा राहिला असता असं माझं मत झालंय. नीट धुऊन, वाळवून, गंज काढून मारलं तर ते कामाचं आहे, नाहीतर नाही.

पत्र्याचं काम जानेवारी ते एप्रिल चाललं. सीट, मॅट, सगळं बाहेर, बॅटरी काढून ठेवली आणि पेट्रोलची टाकीसुद्धा उतरवली, वेल्डिंगच्या ठिणग्यांपाशी टाकी ठेवायची नाही, रिकामी तर मुळीच नाही, रिकाम्या टाकीत वाफ असते. टिंकरची जुनी सवय गॅस वेल्डिंगची, पण पातळ पत्रा गॅसच्या उष्णतेने वाकतो म्हणून आम्ही सीओटू वेल्डिंगचं (विजेवर चालणारं, तारेचं) मशीन भाड्याने आणलं, आणि सलग न ओढता टाके घातल्यासारखं एक ठिपका इथे एक तिथे असं करत गेलो. सडलेलं कापताना एकच नियम, चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचं. माझा धीर होत नव्हता, टिंकर म्हणायचा आणखी काप, आणखी काप. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचा जवळपास अख्खा तळ गेला, दाराखालच्या पेटीसारख्या पट्टीचा दोन फुटांचा तुकडा गेला. २२ गेजचा पत्रा आणून पुठ्ठ्यावर आधी साचा कापायचा, मग पत्रा, मग ठोकून आकार. पुठ्ठ्याचे साचे मी केले, अजून माळ्यावर ठेवलेत. बारीकसारीक बोल्ट, बिजागऱ्या वगैरे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवायचो, गंज सुटून येतो, मग सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच वाळवून ऑइल लावायचं. आईने विचारलं की तांब्याची भांडी आपण सोलांनी (आमसुलांनी) घासतो तसंच का हे, तर हो, तसंच, आंबटाने गंज सुटतो. जिथे पत्रा शाबूत होता पण गंज धरलेला, तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर लावलं, लाल गंज काळा पडतो, त्यावर प्रायमर. दाराखालच्या पट्टीच्या आत ब्रश जाणं शक्यच नाही, तिथे नळी घालून आतून मेण फवारलं. आणि बाहेर पडायची सगळी भोकं पुन्हा मोकळी, एकेकात तार घालून बघितलेली.

आपल्या जुन्या घरांना नळ्यांचं (कौलांचं) छप्पर असतं, पाणी आत येऊ नये म्हणून जेवढा विचार केलेला असतो तेवढाच वळचणीचं पाणी पायापासून लांब कसं जाईल याचाही. गाडी बनवणाऱ्यांनीही तो विचार केलेला असतो, आपण वापरताना तो बुजवून टाकतो.

इंजिनात पुढे फार काही केलं नाही. टायमिंग बेल्ट, सगळे होज पाइप, क्लच प्लेट बदलली. थर्मोस्टॅट कधीतरी कोणीतरी काढून टाकलेला होता, गरम हवेच्या गावात तो कशाला अशी समजूत असते, पण इंजिन ८० अंशांच्या पुढे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न पाठवणं हेच त्याचं काम आहे, नाहीतर इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. परत बसवला. पेट्रोलच्या नळ्यांचं मात्र जरा सविस्तर सांगतो. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ९२ सालच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. नळ्या कडक होऊन तडकतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीलं बाद होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आपल्या हवेत तर घेतंच, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी लोखंडी टाकीच्या तळाला. म्हणून इथेनॉल चालेल अशा नळ्या घातल्या, पंप नवा घातला आणि जेट थोडा मोठा केला कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळत होती. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर रंग नंतर करा, आधी नळ्या बघा, बॉनेटखाली गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

बदल म्हणावेत असे दोनच केले. एक म्हणजे हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या वायरिंगमध्ये दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, बॅटरीला १२.५ व्होल्ट होते आणि बल्बपाशी मोजले तर १०.८. व्होल्टेज १० टक्के उतरलं की हॅलोजनचा उजेड ३० टक्क्यांच्या आसपास उतरतो, मग लोक जास्त वॉटचे बल्ब घालतात आणि वायर वितळवतात. बल्ब तेच ठेवले, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर, दोन रिले, बस. पावसात रात्री बोरीच्या बाजूने येताना फरक कळतो. दुसरा बदल सीटबेल्ट. या गाडीत ते नव्हतेच. मधल्या खांबात आतून जाड पत्र्याचा तुकडा आणि नट वेल्ड करून घेतला, कारण बेल्ट नुसत्या पातळ पत्र्यात बोल्ट मारून लावला तर ऐन वेळी पत्र्यासकट उपटून येईल. मित्रांनी अलॉय व्हील घाल, रुंद टायर घाल असं खूप सांगितलं. साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी, १२ इंची चाकं, चार गिअर, तिचा हलकेपणा हीच तिची गंमत आहे, स्टीअरिंग जड करून मला काय मिळणार. नाही घातले.

रंग पांढराच. दुसरा केला असता तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागली असती, पण प्रश्न तो नव्हताच, मामांना शब्द दिला होता. आरसीचं नूतनीकरण, तेव्हाची पाच हजार फी, तपासणी, सगळं रीतसर झालं, इन्स्पेक्टरने गाडीखाली वाकून बघितलं आणि दोन मिनिटं तिथेच राहिला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मिरामारला जाऊन मामांना घेऊन आलो. ते पुढे बसले, बेल्ट लावून दिला, येताना फोंड्याच्या बाजारात थांबून माटोळीचं सामान घेतलं आणि त्यांनीच सांगितलं की मागच्या सीटवर ठेव, डिकीत नको. धुवांधार पाऊस होता. सामान उतरवून सगळे आत गेल्यावर मी टॉर्च घेऊन शेडमध्ये आलो. चारही मॅटखाली मी जून महिन्यापासून जुन्या पेपरची एकेक घडी ठेवतो, थेंब जरी आला तरी कागदावर डाग राहतो म्हणून. तीन कोरड्या. डाव्या पुढच्या घडीच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा ओला ठिपका. वायरींचा जुडगा इंजिनाच्या बाजूने आत येतो तिथलं रबरी बूच असणार, ते मी बदललं नव्हतं. मामा मागून आले होते, मला कळलंच नाही. खाली वाकून त्यांनी कागदाला बोट लावलं, आणि म्हणाले, चवथ झाली की करूया, मी टॉर्च धरतो.