सुई शून्यावर आली तेव्हा

पाणी कधी द्यायचं ते मला कळतं, ही माझी जुनी घमेंड. मूठभर माती दाबायची. गोळा वळला तर थांबायचं, सुटली तर कॉक फिरवायचा. जगात नद्या-विहिरींतून जेवढं गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं सुमारे ७० टक्के शेती पिते. ठिबक बसवल्यावर आपण त्या पापातून सुटलो असं वाटत होतं. प्रत्यक्षात नळ्यांतून पूर्वीइतकंच पाणी सोडत होतो.

मग दोन टेन्सिओमीटर आणले. पाण्याने भरलेली नळी, खाली चिनी मातीचा सच्छिद्र कप, वर गेज. माती सुकू लागली की कपातून पाणी ओढते आणि तो ताण सुई सेंटीबारमध्ये दाखवते; आकडा जितका मोठा, तितकी माती कोरडी. कप रात्रभर भिजवले, उकळून गार केलेलं पाणी भरलं, बुडबुडे काढले. भोकात आधी त्याच मातीचा पातळ चिखल ओतायचा, म्हणजे कपाभोवती पोकळी राहत नाही. एक बसवला ३० सेंटीमीटरवर, दुसरा ६० वर.

पहिल्याच आठवड्यात खालच्याने माझी लाज काढली. वरचा २५ दाखवत असताना खालचा ८-१० च्या वर जाईना. म्हणजे पाणी मुळांच्या खाली झिरपत होतं, आणि खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, नायट्रेट, काही मातीला धरून बसत नाही. ते पाण्याबरोबर जातं. युरियात नत्र ४६ टक्के, पण त्यातलं किती माझ्या पिकाला मिळत होतं कोण जाणे. पाळ्या लांबवल्या, खताचे हप्ते लहान केले.

आणि मग अतिच केलं. चार दिवस बाहेरगावी गेलो, आलो तर वरची सुई शून्यावर. शून्य म्हणजे माती चिंब, म्हणून कॉक बंदच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पानांनी माना टाकल्या. नळी उघडून पाहिली तर निम्मी रिकामी! ताण ८० सेंटीबारच्या आसपास गेला की कपातून हवा शिरते, पाण्याची सलग धार तुटते आणि सुई निमूट खाली येते. ओल्या मातीचं आणि कोरड्याठाक मातीचं शून्य दिसायला एकच.

आता रोज सकाळी आधी नळीतलं पाणी बघतो, मग सुई. वरचा ३० च्या पुढे गेल्याशिवाय कॉकला हात लावत नाही. मूठ मात्र अजून दाबतोच, आणि गेज बघण्याआधी मनाशी आकडा लावतो. आठवड्यातून दोनदा तरी चुकतो.