तुम्ही विचारलंत म्हणून: औषधच नाही तर ग्रुप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकट्या तुम्ही नाही, गेल्या नऊ वर्षांत इतक्या जणांनी विचारलंय की समोरच्यानं "एक विचारू का, राग मानू नका" असं सुरू केलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "तुमच्या आजाराला औषधच नाही म्हणता, मग तो पेशंट लोकांचा ग्रुप, त्या मीटिंगा, ते रिसर्चचे फॉर्म, हे सगळं करून मिळतं काय?" राग बिग काही येत नाही. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणायचे, तेही ग्रुपमधल्या लोकांच्या तोंडावर.

आजाराचं नाव प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस, सगळे पीएससी म्हणतात, पूर्ण नाव माझ्या नवऱ्याला अजून एका दमात येत नाही. लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांना सूज येते, मग त्या जागोजागी आतून जाड होऊन आवळत जातात, आणि पित्तनलिकांचा एमआरआय म्हणजे एमआरसीपी काढली की कुठे चिमटलेली कुठे फुगलेली अशी मण्यांची माळ दिसते (डॉक्टर लोक खरंच मणीच म्हणतात). पित्त अडतं, लिव्हरमध्येच साचून राहतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की शेवटी सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. साधारण ७० टक्के पेशंटना आतड्याचा आजारही असतो, बहुतेक वेळा अल्सरेटिव्ह कोलायटिस, मलाही आधी तोच होता, आणि त्याच्याच रुटीन ब्लड टेस्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) चौपट आलं म्हणून हे पकडलं गेलं. आणि नाही, दारूचा याच्याशी काही संबंध नाही. हे न विचारता सांगून टाकते, कारण लिव्हरचं काहीतरी आहे म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक क्षण जे येतं ते मी आता लगेच ओळखते.

निदान झालं त्या रात्री प्रत्येक जण जे करतो तेच मीही केलं, फोन घेऊन बसले. दोन माणसं सापडली. एक वॉल्टर पेटन, अमेरिकन फुटबॉलमधला शिकागो बेअर्सचा मोठा खेळाडू, फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यानं पीएससी असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पित्तनलिकेच्या कॅन्सरनं गेला, वय ४५. दुसरा ख्रिस क्लुग, स्नोबोर्डिंगवाला, २००० मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटी विंटर ऑलिम्पिकमध्ये त्यानं ब्राँझ मेडल घेतलं. मी पहाटेपर्यंत या दोघांच्या मध्ये हेलपाटे घालत होते. एका टोकाला नऊ महिन्यांत सगळं संपलं, दुसऱ्या टोकाला बर्फावरून मेडल. मधली जी हजारो माणसं आहेत, जी सकाळी उठतात, कामाला जातात, दुपारी तीन वाजता कुणीतरी प्लग काढल्यासारखी थकतात आणि तरी संध्याकाळच्या मीटिंगला हसून बसतात, त्यांच्याबद्दल कुठेच काही नव्हतं. ती मला पुढे ग्रुपमध्ये भेटली.

ग्रुपचा पहिला व्हिडिओ कॉल मी कॅमेरा बंद ठेवून ऐकला. एक काका बोलत होते, सत्तरीच्या आसपासचे, आणि सहज म्हणाले की रात्री तळपाय थंड फरशीवर टेकवून बसतो, तेवढंच बरं वाटतं. मी अक्षरशः उठून उभी राहिले. कारण मीही तेच करायचे! पित्त अडलं की जी खाज येते ती पुरळाची खाज नसते, कातडीवर काही दिसतच नाही, तळहात-तळपायाला जास्त, संध्याकाळनंतर वाढते आणि कितीही खाजवा, ती जणू कातडीच्या खाली कुठेतरी असते. स्किनच्या डॉक्टरांकडून मी तीन क्रीमं आणली होती. मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय. त्या काकांनी पुढे सांगितलं की खाजेवरची कोलेस्टायरामिनची पावडर घेत असाल तर बाकीच्या गोळ्यांपासून लांब घ्या, चार-चार तासांचं अंतर ठेवा, कारण ती पित्ताम्ल जशी धरून ठेवते तशी औषधंही धरून ठेवते. मी चार महिने सगळं एकत्र, एकाच ग्लासाबरोबर घेत होते.

आता कुणी म्हणेल हे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल हो. पण दहा-बारा मिनिटांच्या भेटीत, यात कॅन्सरही होऊ शकतो हे नुकतंच कानावर पडलेलं असताना, माणूस चार तासांचं अंतर वगैरे ऐकत नाही. थंडी वाजून ताप आला, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखायला लागलं, डोळे पिवळे वाटले तर सकाळची वाट बघायची नाही, ते नळीतलं इन्फेक्शन असू शकतं, हे मला फाइलमध्ये छापील मिळालं होतं आणि तरी मी एकदा सकाळची वाट बघितली. दुसऱ्यांदा नाही बघितली, कारण तोपर्यंत ग्रुपमधल्या एका ताईंनी स्वतःची आयसीयूची गोष्ट सांगून मला चांगलं झापलं होतं. छापील कागद झापत नाही, एवढाच फरक.

पण ग्रुप म्हणजे देवळातला सत्संग नाही, हेही सांगते. लोक एकमेकांचे आकडे लावून बघतात, तुझं अल्कलाइन फॉस्फटेज किती, माझं किती, आणि ज्याचं कमी तो आठवडाभर खूश. या आजारात तो आकडा आपोआपही वरखाली होतो, हे माहीत असून खूश. कुणाच्या तरी मुलाला व्हॅन्कोमायसिन नावाच्या अँटिबायोटिकनं फरक पडला असं कळलं की दुसऱ्या दिवशी दहा जण आपल्या डॉक्टरांकडे तेच मागायला हजर. लिव्हर साफ करून देतो म्हणणारे पावडरवाले तर आत शिरायला टपलेलेच असतात, त्यांना मी स्वतः चार वेळा बाहेर काढलंय आणि यात मला अजिबात सभ्यपणा जमत नाही, ज्याचं लिव्हर आधीच आजारी आहे त्याच्या पोटात आत काय आहे ते माहीत नसलेली गोष्ट ढकलणं म्हणजे काय ते त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. आणि मग कधी कधी कुणीतरी बोलायचं थांबतं. एक आठवडा, दोन आठवडे. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा किंवा बायकोचा मेसेज येतो. त्याची सवय होत नाही.

बरं, औषध नाही म्हणजे कुणी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड, आमच्यात नुसतं उर्सो, हे खूप जण घेतात, त्यानं रक्ताचे रिपोर्ट सुधारतात. मग वाटलं डोस वाढवला तर आजारच थांबेल. दीडशे पेशंटवर ट्रायल झाली, अर्ध्यांना मोठा डोस, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २००९ मध्ये निकाल छापून आला तो असा की मोठ्या डोसवाल्यांचे रिपोर्ट सुधारले, आणि मृत्यू, ट्रान्सप्लांटची गरज वगैरे गंभीर गोष्टी त्यांच्यातच जास्त झाल्या. ट्रायल मधेच थांबवावी लागली. आकडा चांगला, माणूस वाईट! ज्यांना नुसती प्लासिबोची गोळी मिळाली ते नशीबवान निघाले. आमचं नशीब अजमावून तर बघा, आम्हाला द्या ना औषध, प्लासिबोचा खेळ कशाला, असं जो कुणी नवीन पेशंट चिडून म्हणतो (मीही म्हणालेय) त्याला मी ही गोष्ट सांगते.

मुळात हा आजार ट्रायलवाल्यांसाठी फार अवघड आहे. पेशंट कमी आणि विखुरलेले, आणि आजार इतका हळू की निदानापासून ट्रान्सप्लांटपर्यंत पंधरा-वीस वर्षंही जातात, दोन वर्षांच्या ट्रायलमध्ये दिसणार काय? बायोप्सी घ्यावी तर लिव्हरमध्ये आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, सुई कुठे लागली त्यावर उत्तर बदलतं. सिमटुझुमॅब नावाच्या औषधाच्या ट्रायलमध्ये २३४ जण ९६ आठवडे इंजेक्शनं घेत होते आणि फायदा शून्य. पण त्या लोकांच्या दोन वर्षांच्या रक्तातून आणि बायोप्सीतून हे कळलं की ईएलएफ नावाची एक ब्लड टेस्ट कुणाचा आजार पुढे सरकणार याचा चांगला अंदाज देते. म्हणजे औषध पडलं, पण पुढच्या ट्रायलला मोजपट्टी मिळाली. ती २३४ माणसं कोण होती मला माहीत नाही, पण त्यांना "काय मिळालं?" असं कुणी विचारलं असेलच.

मोजपट्टीचं सोडा, आधी माणसं तरी मोजायला हवीत ना. २०१० मध्ये ऑस्लोमध्ये डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय पीएससी स्टडी ग्रुप काढला, वेगवेगळ्या देशांमधले पेशंट एकत्र केले, आणि २०१३ मध्ये युरोपीय वंशाच्या ३,७८९ पेशंटच्या रक्तावरून कुठकुठल्या जीन्सशी या आजाराचं नातं आहे ते छापलं. एका हॉस्पिटलला आयुष्यभर बसूनही इतके पेशंट दिसले नसते. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, अमेरिकेत रिकी सेफर या पेशंट बाईंनी घरच्यांना बरोबर घेऊन पीएससी पार्टनर्स ही संस्था काढली, आज ती रिसर्चला पैसे देते आणि पेशंटची रजिस्ट्री चालवते. रजिस्ट्री म्हणजे काय, तर आपणच दरवर्षी आपली माहिती भरायची, निदान कधी झालं, आतड्याचं काय, ताप किती वेळा आला, खाज किती, काम सुटलं का. एखाद्या कंपनीनं उद्या औषध आणलं तर पहिला प्रश्न असतो, पेशंट आहेत कुठे आणि त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. याचं उत्तर आधीपासून तयार असलं तर काही वर्षं वाचतात.

आमच्या शेजारचाच एक आजार आहे, पीबीसी, नावात एक अक्षर इकडचं तिकडे, त्यात लिव्हरमधल्या अगदी बारीक नळ्या जातात. त्यातल्या सी चा अर्थ २०१५ पर्यंत सिरोसिस होता. बहुतेकांना सिरोसिस झालेलाच नसायचा, पण नावच असं की ऑफिसात, नातेवाइकांत सगळीकडे दारूचा संशय. पेशंट लोकांनीच लावून धरलं आणि ते नाव बदलून कोलांजायटिस झालं. त्यांना २०२४ मध्ये अमेरिकेत एकदम दोन नवीन औषधं मंजूर झाली, एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेल्पार, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला तसा हेवाही वाटला. आपल्या घरासमोरून वरात जावी तसं.

मी स्वतः काय केलं म्हणाल तर फार काही नाही. रक्ताच्या ट्यूब दिल्या, एकदा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी तपासतात ती) करताना ब्रशनं घेतलेल्या पेशी रिसर्चला वापरा म्हणून सही केली (त्या ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊन सहा दिवस आत होते, ते वेगळं). एका ट्रायलला नाव दिलं तर अलीकडेच नळीचं इन्फेक्शन होऊन गेलंय म्हणून घेतलं नाही. आजारी असल्यामुळे आजाराच्या ट्रायलमधून बाहेर! नवरा दोन दिवस हसत होता, मी तिसऱ्या दिवशी हसले.

ट्रान्सप्लांट आहे की, असंही म्हणतात लोक. आहे, आणि त्यानं माणसं वर्षानुवर्षं छान जगतात, पण साधारण पाचातल्या एकाला नव्या लिव्हरमध्ये हाच आजार परत येतो. शिवाय नंबर बऱ्याच ठिकाणी मेल्ड नावाच्या स्कोअरवर लागतो, तो बिलिरुबिन, क्रिएटिनिन वगैरे रक्तातल्या आकड्यांवरून काढतात, त्यात महिन्यातून दोनदा येणारा ताप धरत नाहीत आणि रात्रभराची खाज तर नाहीच नाही. जे मोजलं जात नाही ते झालंच नाही असं धरलं जातं, माझी सगळ्यात जास्त चिडचिड यावरूनच होते, आणि फॉर्म भरायचा मला कंटाळा येत नाही तोही म्हणूनच.

नाही म्हणजे, येतो थोडा. या वर्षीचा फॉर्म आत्ताही अर्धा भरून पडलाय. "गेल्या सात दिवसांत खाजेमुळे किती रात्री झोपमोड झाली" इथे अडकलेय. तीन तर नक्की. चौथी मंगळवारची, त्या रात्री खाजेनं जाग आली की एका नव्या पेशंटच्या फोननं हे आठवत नाहीये, कारण रात्री दोन वाजता तो मुलगा रिपोर्ट वाचून दाखवत होता आणि मी फरशीवर पाय टेकवून ऐकत होते. नवऱ्याला विचारते, त्याला आठवत असेल.