देखाव्याचा विषय कागदावर शोधताना

आमच्या मंडळात देखाव्याचा विषय ठरायचा तो दोन-तीन मोठ्या आवाजांत. कुणी नवीन काही सुचवलं की लगेच "खर्च किती येईल?" आणि सुचवणारा गप्प. शेवटी मंदिर, नाहीतर किल्ला. यंदा मी ६-३-५ पद्धतीचा आग्रह धरला. जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ साली मांडली. सहा जण, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना. मधे कुणी बोलायचं नाही.

"बोलायचं नाही तर बैठक कशाला?" असं म्हणत का होईना, अध्यक्षकाका बसले.

पहिल्या फेरीत पुन्हा मंदिरं आणि किल्लेच आले. येणारच, डोक्यात वरवर असतं ते आधी बाहेर पडतं. एका कागदावर मात्र कुणीतरी नुसतं ‘पाणी’ लिहिलं होतं. पुढच्याने खाली लिहिलं ‘जुन्या विहिरी’, त्याच्या पुढच्याने ‘आपल्या गल्लीतली बुजवलेली विहीर’. चौथ्या फेरीत हात जड होतात, काही सुचत नाही. तेव्हा तो कागद गेला बारावीतल्या एका मुलीकडे, जी बैठकीत कधीच तोंड उघडत नाही. तिने लिहिलं: ‘गोष्ट विहिरीनेच सांगायची. आवाज गल्लीतल्या आजींचा.’ वाचून मला भरून आलं.

‘आधी कल्पना, टीका नंतर’ हा नियम जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांचा. पण त्यांचं ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने एकत्र बसून कल्पना सुचवणं, तोंडी चालतं. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकट्याने विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जास्त भरल्या. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात सुचलेलं निसटतं. म्हणून मला कागदच बरा वाटतो.

निवडीसाठी टिकल्यांचं पाकीट आणलं. प्रत्येकाला तीन टिकल्या, आवडेल त्या ओळीशेजारी लावायच्या. कुणाची कल्पना कुठली, हे विचारायचं नाही. विहीर सहज पुढे गेली.

मग खर्चाचा प्रश्न. तिथे बॉब एबर्ले यांची स्कॅम्पर प्रश्नावली कामी आली: काय बदलता येईल, काय जोडता येईल, काय काढून टाकता येईल? फिरता मंच काढला आणि देखावा वर्गणीत बसला.

संहिता तीच मुलगी लिहिते आहे. विहीर कधी बुजवली यावर दोन आजींचं एकमत होत नाही, म्हणून सध्या दोघींचंही म्हणणं रेकॉर्ड करून ठेवलं आहे.