टांकसाळीतली चूक की नंतरची मोडतोड? एरर नाणी ओळखायला शिकतानाचा माझा अनुभव

नाणी जमवायला लागून मला दहाएक वर्षं झाली, पण एरर कॉईनचा, म्हणजे टांकसाळीतच चुकीच्या पडलेल्या नाण्यांचा, नाद लागला तो गेल्या दोन-तीन वर्षांत. पुण्यात एका नाणे प्रदर्शनात एका टेबलावर दहा रुपयांचं नाणं दिसलं, २०११ पासूनच्या डिझाईनचं, मधली पांढरी चकती बाहेरच्या पिवळ्या रिंगमध्ये फिरलेली, म्हणजे रिंगवरचं भारत आणि इंडिया जागच्या जागी आणि मधला सिंहस्तंभ मात्र चांगलाच कलंडलेला. विकणारा म्हणाला टांकसाळीतूनच असं आलंय साहेब, परत मिळणार नाही, आणि मी घासाघीस करून १४०० रुपयांना घेतलं.

रविवारी आम्ही जमवणारी मंडळी भेटतो तिथे ते घेऊन गेलो. आमच्यातले एक काका चाळीस वर्षं नाणी बघतायत, त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "सिंह आणि भारत एकाच डायवर असतात ना रे?" मी म्हटलं हो, डाय म्हणजे डिझाईन उमटवणारा ठसा, तो दोन्हींना एकच. "मग डाय एकदाच पडते, त्यात भारत सरळ आणि सिंह तिरका कसा उमटेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर त्यांनी नीट समजावलं ते असं, की रिंग आणि चकती आधी वेगवेगळ्या असतात, दोन्ही कोऱ्या, एकात एक ठेवतात आणि डायचा ठोका पडतो तेव्हा डिझाईनही उमटतं आणि दोन्ही धातू एकमेकांत घट्टही बसतात. ठोक्याआधी चकती कितीही फिरली तरी काय फरक पडतो, ती कोरीच आहे! आणि चकती खरंच एका बाजूला सरकून बसली असेल तर डिझाईन अख्खं सरळच येतं, फक्त दोन धातूंमधली सीमा सरकते, मग एखादं अक्षर अर्धं पिवळं अर्धं पांढरं दिसतं. माझ्या नाण्यात डिझाईनच तुटलेलं होतं, म्हणजे नाणं पाडून झाल्यावर कोणीतरी चकती ठोकून सैल करून फिरवलेली. घरी दहा पट भिंगाखाली बघितलं तर सांध्यावर बारीक काळी फट आणि रिंगच्या आतल्या काठावर चार-पाच चकचकीत ओरखडे, शेजारी साधं दहाचं नाणं ठेवलं तर त्यात तसं काहीच नाही. वजन मात्र ७.७० ग्रॅम, असायला हवं ७.७१, म्हणजे नुसत्या वजनावर गेलो असतो तर परत फसलोच असतो.

त्या दिवसापासून प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं, हे ठोका पडायच्या आधी झालंय, पडताना झालंय, की पडल्यावर? ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतला, व्हर्नियर घेतला, आणि डब्यातली एरर म्हणून जपलेली ४६ नाणी चार संध्याकाळी बसून एकेक करून बघितली, प्रत्येकाशेजारी त्याच प्रकारचं साधं नाणं ठेवून.

सगळ्यात जास्त बाद झाली ती रेघवाली. डाय तडकली की तडीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उंच येते, ओरखडा मात्र खोल असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात, टॉर्च आडवा धरून नाणं हळूहळू फिरवलं की सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून कळतं. माझ्या अकरा रेघांपैकी दोनच उंच निघाल्या. पाच रुपयांचं जाड जुनं नाणं ९ ग्रॅमचं असतं, माझं भरलं ७.९, खूप आशा होती त्याच्यावर, पण अक्षरं दोन्ही बाजूंनी सारखीच झिजल्यासारखी मऊ आणि कडेवरची नक्षीपण पुसट, म्हणजे ॲसिडात बुडवलेलं. ठोक्याआधीच ब्लँक, म्हणजे कोरी चकती, पातळ असता तर काठ तरी नीट राहिला असता.

डाय रोटेशनची, म्हणजे एका बाजूचं डिझाईन दुसरीच्या मानाने फिरलेली, सात नाणी तर मी चुकीच्या समजुतीवरच बाजूला काढलेली. अमेरिकन व्हिडिओ बघून नाणं वरून खाली पलटायचो, त्यांची नाणी तशीच असतात, आपल्याकडे पुस्तकाचं पान उलटावं तसं पलटायचं आणि दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. तसं पलटल्यावर सातही सरळ.

शेवटी बघायचं एक रुपयाचं एक राहिलं, २००२ चं स्टीलचं, सालाखाली मुंबई टांकसाळीची खूण असलेला डायमंड, कडेला चंद्रकोरीसारखा घास गेलेला. वजन ४.८५ च्या जागी ४.६१. पत्र्यातून ब्लँक कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की पंच आधीच्या भोकावर येतो आणि असा घास जातो. कानशीने घासलेलं असतं तर त्याजवळचं डिझाईनमधलं कणीस सटकन कापलेलं दिसलं असतं, इथे कणसाचं टोक घासाकडे ओढलं जाऊन पसरट झालेलं, आणि घासाच्या बरोब्बर समोरच्या बाजूला काठ कमी उठलेला, कारण काठ उचलणाऱ्या मशीनला त्या जागी समोरून दाबच मिळत नाही. हे समोरच्या काठाचं सोंग कानस मारणाऱ्याला वठवता येत नाही. ते बघितलं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला, बायकोला उठवून दाखवलं.

नातेवाईक विचारतात याचे लाखभर येतील का, २०१२ च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल पण असंच पसरलेलं, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं की आमच्या नावाने जुन्या नाण्यांचे सौदे करणाऱ्यांना पैसे देऊ नका, तरी फोन येतातच. मी सांगतो की विकायचंच नाहीये.

रुपयाच्या पाकिटावर वजन आणि घासाचं माप लिहून ठेवलंय. दहाचं नाणं मी परत केलं नाही, त्याच्या पाकिटावर "पाडल्यानंतर फिरवलेलं" असं लिहिलंय, आणि ग्रुपात कोणी नवीन आलं की आधी तेच हातात देतो आणि काकांचा प्रश्न विचारतो.